अस्सलपणाचा सोस

जुनी गाडी दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओरिजिनल आहे का?" व्हिंटेज रॅलीतले बघे हेच विचारतात, दलाल हेच विचारतात, आणि जुलै २०२१पासून केंद्र सरकारही हेच विचारतं. माझं म्हणणं असं, की शर्यतीच्या गाडीला हा प्रश्न विचारणंच चुकीचं आहे. आपण तो विचारत राहिलो तर या देशातल्या मोटार शर्यतींचा इतिहास आपल्याच हातांनी पुसला जाईल.

आधी नियम काय आहे ते पाहू. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात. गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर ती व्हिंटेज नाही.

मग ती काय? साधी जुनी गाडी म्हणावी, तर तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उभं आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी शर्यतीसाठी बदललेली गाडी वारसाही नाही आणि वाहनही नाही. कायद्याच्या लेखी ती फक्त गुन्हा आहे.

आता या 'मूळ'पणाचा आपल्या इतिहासाशी काय संबंध ते बघा. परमिट राजमध्ये भारतात स्पोर्ट्स कार विकत मिळत नव्हती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडायची. पुढे १९७०च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मागे पाटे. सहकुटुंब महाबळेश्वरला जायची गाडी. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे आयात केलेल्या मोजक्या गाड्या सोडल्या तर पळायला होत्या त्या याच फियाट, हेराल्ड आणि अँबेसेडर. त्या कंपनीतून आल्या तशा पळत नव्हत्या. कुणीतरी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं असे, पोर्ट पॉलिश केलेले असत, कॅम नव्याने घासून घेतलेला असे, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन आलेले असत. सुटे भाग आयात करणं अवघड, म्हणून बरंच काम लेथवर व्हायचं.

म्हणजे आपल्याकडची त्या काळातली शर्यतीची गाडी ही बहुतेक वेळा बदललेलीच गाडी होती. तिला 'मूळ करून आणा' सांगणं म्हणजे तिच्यातली शर्यत काढून टाका असं सांगणं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे वीस वर्षं चाललेल्या प्रणालीचं मोल तिच्यावर झालेल्या दुरुस्त्यांत असतं, आणि कुणी, कधी, का बदल केला याची नोंद आम्ही जपून ठेवतो. 'खरी प्रणाली म्हणजे पहिल्या दिवशीची, बाकी सगळं पुसा' असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे कुणी सर्व्हरच्या जवळ फिरकू देणार नाही.

आमच्या इंद्रलोकमधल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये अशी एक फियाट आहे. नोंदणी १९७२ची. मालक काका तरुणपणी टर्नर होते. गाडीला दोन कार्ब्युरेटर, पुढे डिस्क ब्रेक, आत लोखंडी पिंजरा, चार टोकांचा पट्टा. सगळं ऐंशीच्या दशकात रॅलीसाठी केलेलं, बरंचसं त्यांच्याच हातचं. व्हीए नोंदणीची चौकशी केली तेव्हा एजंटने सोपा मार्ग सांगितला: "काका, पिंजरा कापून टाका, भंगारातून जुना कार्ब्युरेटर आणून बसवा, भोकं बुजवून रंग मारा. एकदम ओरिजिनल दिसेल." काका मला म्हणाले, "अरे, म्हणजे मी केलेलं तेवढं काढलं की ती ऐतिहासिक होणार!" यापेक्षा नेमकी टीका मला जमणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्याने दाबलेला पत्रा हा वारसा, आणि कारागिराने लेथवर घालवलेल्या रात्री ही भेसळ, असं आपला नियम म्हणतो.

जग असं म्हणत नाही. जॉन कूपरने अ‍ॅलेक इसिगोनिसच्या साध्या मिनीचं इंजिन बदललं, १९६१मध्ये मिनी कूपर आली, आणि १९६४, १९६५ व १९६७ची माँटे कार्लो रॅली तिने जिंकली. कार्लो अबार्थ फियाटच्याच छोट्या गाड्यांसाठी बदलांचे संच पेटीत घालून विकायचा. आज अबार्थचा विंचू असलेल्या जुन्या गाडीला साध्या फियाटपेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. जर्मनीत ३० वर्षांपुढच्या गाडीला 'एच' नंबरप्लेट मिळते, आणि पहिल्या दहा वर्षांत झालेले किंवा त्या काळात होऊ शकले असते असे बदल तिथे चालतात. आंतरराष्ट्रीय संघटना 'एफआयए' शर्यतीच्या ऐतिहासिक गाड्यांना तांत्रिक पासपोर्ट देते. त्यात पाहतात ते गाडी त्या काळच्या शर्यतीच्या रूपात आहे की नाही.

आता सर्वांत रास्त आक्षेप. 'मॉडिफाइड' म्हटलं की आम्हा भाईंदरकरांना आठवतात रात्री साडेबाराला फटाके फोडत जाणाऱ्या बुलेट. ते सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात तेव्हा मीही टाळ्या वाजवतो. इंग्लंडमधल्या ट्यूनिंगच्या बाजारात 'फास्ट रोड' नावाचा एक प्रकार विकला जातो: थोडी शर्यत, थोडा रस्ता. तो मला मान्य नाही. तांत्रिकदृष्ट्याही ते दोन डगरींवर पाय ठेवणं आहे. शर्यतीचा कॅम वरच्या फेऱ्यांत ताकद देतो आणि आयडलला इंजिनाला आचके देतो. काशिमीऱ्याच्या सिग्नलवर अशी गाडी तापते, तिचे प्लग काळे पडतात. हेल्मेट घातलेल्या डोक्याला वाचवणारा पिंजरा रोजच्या रस्त्यावर उघडं डोकं फोडू शकतो. आणि नवघर रोडवर शाळा सुटलेली असताना 'फास्ट रोड' कुठे असतो, ते मला कुणीतरी दाखवावं. वेगाची जागा ट्रॅकवर आहे, यावर माझी तडजोड नाही.

पण म्हणूनच वेगळा नियम हवा. आजचा कायदा काकांचा डिस्क ब्रेक आणि पोराचा फाटका सायलेन्सर एकाच रांगेत बसवतो. थांबण्याची ताकद वाढवणारा बदल आणि कान फोडणारा बदल यांत त्याला फरक करता येत नाही, कारण तो बदल तपासतच नाही, सरसकट नाकारतो.

तेही सोयीने. मुंबईकर ज्या काळ्यापिवळ्या पद्मिनीसाठी हळवे होतात, तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. तोवर त्या टॅक्स्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आलेली होती. म्हणजे आपल्या आठवणीतली 'अस्सल' पद्मिनीसुद्धा बदललेलीच! आज मान्यताप्राप्त किट वापरून साध्या गाडीतलं अख्खं पेट्रोल इंजिन काढून बॅटरी बसवता येते, आणि ते योग्यही आहे. मग बदल तपासून मंजूर करण्याची यंत्रणा आपल्याला बसवता येते, हे सिद्धच झालं. प्रश्न फक्त इच्छेचा.

मागणी साधी आहे. व्हिंटेजच्या व्याख्येत त्या काळात शर्यतीसाठी झालेल्या बदलांना जागा द्या. फोटो, बिलं, शर्यतींची प्रमाणपत्रं मागा. एकेक गाडी तपासा, ब्रेक कडक तपासा, आवाज मोजा, आणि प्रत्येक बदल नोंदणीपुस्तकात लिहा. वापरावर आज व्हीए गाड्यांना असलेलीच बंधनं ठेवा: रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, बस्स. रस्त्यावर जास्तीचा एक किलोमीटर वेगही मी मागत नाही.

आणि हौशी मंडळींना एवढंच: पुढच्या वेळी जुन्या फियाटचं बॉनेट उघडं दिसलं आणि आत दोन कार्ब्युरेटर दिसले, तर "ओरिजिनल आहे का?" विचारू नका. "हे कुणी केलं?" असं विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा. ते काम करणारे हात आता सत्तरीत आहेत.