गोधडीवर नाव कोणाचे? हॅरिएट पॉवर्स यांची दोन पांघरुणे आणि आपली विसराळू घरे

१/ साल १८८६. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अथेन्स नावाचे गाव. तेथील कापसाच्या जत्रेत एक चित्रमय पांघरूण मांडलेले आहे. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिका ते पाहून थबकतात, शिवणारीचा ठावठिकाणा शोधून काढतात आणि पांघरूण विकत मागतात. उत्तर येते, कितीही पैसे दिले तरी विकायचे नाही. आजचा हा धागा त्या पांघरुणाविषयी आहे, ते शिवणाऱ्या स्त्रीविषयी आहे आणि शेवटी आपल्या घरातील गोधडीविषयीही आहे.

२/ त्या स्त्रीचे नाव हॅरिएट पॉवर्स. जन्म १८३७ चा, गुलामगिरीतला. १८५५ मध्ये आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी विवाह झाला, किमान नऊ अपत्ये झाली. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि गुलामी कायद्याने नष्ट झाली. १८८० च्या दशकात या कुटुंबाच्या नावावर चार एकर जमीन होती. काल ज्यांची स्वतःचीच खरेदी-विक्री होत होती, त्यांच्या दृष्टीने चार एकरांचे मोल काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

३/ जत्रेतील त्या पांघरुणाला आज ‘बायबल क्विल्ट’ म्हणतात. त्यावर ११ चौकटी आहेत. आदम आणि ईव्ह, केनने केलेली आबेलची हत्या, याकोबाचे स्वप्न, येशूचा बाप्तिस्मा, शेवटचे भोजन, क्रूसावरील मरण. कापडाच्या आकृत्या कापायच्या, त्या दुसऱ्या कापडावर टाक्यांनी बसवायच्या आणि मग सर्व थर एकत्र शिवायचे, अशी ही रीत. माणसे, पशू, तारे सारेच चिंध्यांतून उभे राहिलेले. चेहऱ्यांना नाकडोळे नाहीत. तरी कोण झुकले आहे, कोण पळते आहे, हे लगेच कळते.

४/ पुढे साधारण चार वर्षांनी दिवस फिरले. पैशांची चणचण इतकी झाली की पॉवर्स स्वतःच ते पांघरूण घेऊन स्मिथ यांच्या दारी आल्या. पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळलेले, त्यावर आणखी एक गोणपाट, आणि वाहन म्हणजे बैलगाडी. मागणी होती दहा डॉलरची. स्मिथ यांच्याकडेही तेवढे नव्हते. त्यांनी पाच देऊ केले. पतीचा सल्ला घेऊन पॉवर्स यांनी ते पाच डॉलर स्वीकारले.

५/ व्यवहार येथे संपला असता, तर आज हा धागा लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु पांघरूण हाती देण्यापूर्वी पॉवर्स यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथ यांनी तो लिहून घेतला. विकल्यानंतरही पॉवर्स ते पाहायला अनेकदा येत राहिल्या. आज हे पांघरूण वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

६/ माझे म्हणणे आरंभीच मांडतो. पांघरूण जपणे म्हणजे आठवण जपणे नव्हे. कापड उरते, टाके उरतात. पण ते कोणी घातले, कशासाठी घातले, हा तुकडा कोणत्या वस्त्राचा, हे सांगणारी व्यक्ती गेली की वस्तू मुकी होते. पॉवर्स यांची पांघरुणे इतिहासात आली, याचे अर्धे श्रेय त्यांच्या कलेचे आहे. उरलेले अर्धे, कोणीतरी वेळेवर विचारले आणि लिहून ठेवले, याचे.

७/ पॉवर्स यांचे दुसरे उपलब्ध पांघरूण ‘पिक्टोरियल क्विल्ट’ या नावाने ओळखले जाते. ते १८९८ मध्ये चार्ल्स कथबर्ट हॉल या धर्मगुरूंना भेट देण्यात आले आणि १९६४ मध्ये बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात पोहोचले. त्यावर १५ चौकटी आहेत आणि त्यांचीही स्पष्टीकरणे जपली गेली आहेत. बायबल येथेही आहे. पण त्याच्या शेजारी, त्याच मानाने, काही वेगळेच प्रसंग बसलेले आहेत.

८/ एका चौकटीत १९ मे १७८० चा ‘काळा दिवस’ आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दुपारी अंधार झाला होता. रानवणव्यांचा धूर हे त्याचे कारण आज मानले जाते. दुसरीत १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र आहे. त्या रात्री सिंह राशीतून होणारा उल्कावर्षाव इतका प्रचंड झाला की जगाचा अंत आला, असे लोकांना वाटले. तिसरीत १० फेब्रुवारी १८९५ चा गोठवणारा ‘थंड गुरुवार’.

९/ आता तारखा जुळवून पाहा. पॉवर्स यांचा जन्म १८३७ चा. काळा दिवस त्यांच्या जन्माआधी ५७ वर्षे होऊन गेलेला. उल्कांची रात्र चार वर्षे आधीची. म्हणजे या आठवणी त्यांनी पाहिलेल्या नाहीत, ऐकलेल्या आहेत. जॉर्जियात गुलामांना लिहा-वाचायला शिकविणे १८२९ पासून कायद्याने गुन्हा होता. ज्या समाजाला कागद नाकारला गेला, त्याने काळाची नोंद तोंडातोंडी ठेवली आणि ती येथे कापडावर उतरली.

१०/ याच पांघरुणावर बेट्स नावाची एक डुकरीण आहे. ती जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल धावत गेली, असे स्पष्टीकरणात म्हटले आहे आणि तिचे वर्णन ‘स्वतंत्र’ असे केले आहे. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेला हा जीव म्हणजे पळून जाणाऱ्या गुलामांची खूण असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. तो अर्थ खरा मानावा वा न मानावा. पण डुकरिणीला हे विशेषण लावणाऱ्या स्त्रीने ते सहज लावले असेल, असे मला तरी वाटत नाही.

११/ येथवर स्मिथ यांचे ऋण मान्य केले. आता दुसरी बाजू. स्मिथ यांनी पॉवर्स यांचे बोलणे लिहिताना त्यांच्या उच्चारांची हुबेहूब, मोडकीतोडकी वाटणारी नक्कल केली. वाचणाऱ्यासमोर उभी राहते ती एक भाबडी, अडाणी बाई. पुढे शंभर वर्षे तेच चित्र चालत राहिले. हॅरिएट पॉवर्स यांना अक्षरओळख नसावी, असेच सर्वांनी गृहीत धरले.

१२/ मग २००९ मध्ये एका पत्राची प्रत उजेडात आली. पॉवर्स यांनी १८९६ मध्ये आयोवा राज्यातील एका स्त्रीला लिहिलेले ते पत्र होते. संशोधक कायरा हिक्स यांनी ते जगापुढे आणले. त्यात पॉवर्स यांनी आपण वाचायला कसे शिकलो, गोऱ्या मुलांच्या आधाराने आरंभ कसा झाला, हे सांगितले आहे. आपण शिवलेल्या आणखी पांघरुणांचाही उल्लेख केला आहे. ती पांघरुणे आज कोठे आहेत, कोणालाच ठाऊक नाही.

१३/ या पत्राने मला एक गोष्ट शिकविली. दुसऱ्याने लिहून ठेवलेले काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगले. पण ते करणारीच्या स्वतःच्या शब्दांची जागा घेऊ शकत नाही. मध्यस्थ कितीही प्रेमळ असो, तो आपल्या समजुतीचे अस्तर लावतोच. म्हणून विचारणारा हवा, लिहिणारा हवा. पण शब्द तिचे हवेत.

१४/ याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव-हुगळी परिसरात पोर्तुगीजांसाठी भरतकामाच्या रजया बनत. पांढरे सुती कापड, त्यावर पिवळ्या टसर रेशमाचे टाके. शिकारी, जहाजे, सॉलोमन राजाचा न्याय. गोवा ही ज्याची पूर्वेकडील राजधानी होती, त्या व्यापारातून त्या लिस्बनला जात. आज त्या युरोपातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. घेणारे कोण, हे सांगता येते. भरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही.

१५/ त्याच बंगालमधील कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील एक प्रसिद्ध कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने ती आपल्या वडिलांसाठी भरली आणि आपले नाव टाक्यांनीच त्यावर लिहिले. तेवढ्या अक्षरांमुळे आज ती कांथा ‘बंगाली लोककलेचा नमुना’ एवढीच न राहता एका लेकीचे काम म्हणून ओळखली जाते. सुईदोऱ्याला जे चित्र जमते, ते नावही जमते.

१६/ आता घरी येतो. माझ्या आजीने शिवलेली एक गोधडी आमच्याकडे आहे. लुगड्यांचे पदर, धोतराचे अस्तर, कडेपासून आत आत येणारा धावदोरा. मधोमध खाकी कापडाचा एक चौकोनी तुकडा आहे. तो कोणाच्या गणवेशाचा, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. आमच्या कुळात खाकी घालणारे कोणी असल्याचे वडिलांनाही आठवत नाही. आजी आणखी अठरा वर्षे आमच्यात होती. त्या अठरा वर्षांत आम्ही ती गोधडी रोज पांघरली. विचारले मात्र एकदाही नाही.

१७/ यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गोधडी ही उबेसाठी. तिच्यावर नाव घालण्याची आपली रीत नाही. बायकांनी ती कलाकृती म्हणून शिवलीच नव्हती. निनावीपण हाच तिचा साधेपणा. मला हे अर्धेच पटते. आपणहून नाव न घालणे हा साधेपणा खरा. पण कोणी विचारलेच नाही म्हणून नाव न उरणे, याला साधेपणा म्हणणे ही आपली सोय आहे. आजीने तो खाकी तुकडा मधोमध बसविला होता, कोपऱ्यात नव्हे. तिला काहीतरी सांगायचे होते.

१८/ निनावीपणाचा लाभ बाजार उचलतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी खुद्द ‘बायबल क्विल्ट’च्या प्रतिकृती चीनमध्ये बनवून विकण्यास संग्रहालयाच्या परवानगीने सुरुवात झाली, तेव्हा अमेरिकेतील पांघरुणे शिवणाऱ्या स्त्रियांनी तीव्र निषेध नोंदविला. पॉवर्स यांचे नाव ठाऊक होते म्हणून निषेध तरी झाला. आज ऑनलाइन दुकानांत ‘जुनी कांथा’, ‘पारंपरिक गोधडी’ म्हणून जे विकले जाते, त्याखाली लांबी-रुंदी आणि किंमत असते. शिवणारीचे नाव शोधूनही सापडत नाही. तिच्या वतीने निषेध कोणी करायचा?

१९/ हल्ली अनेकजणी हौसेने, स्वतःच्या आठवणींवर भरतकामाची पांघरुणे करू लागल्या आहेत. त्यांना माझी विनंती अशी की, मोर आणि कोयरी जरूर भरा, पण पॉवर्स यांच्यासारख्या तारखाही भरा. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडणारे हात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. आपण ते पाहिलेले असलेच पाहिजे, असे नाही. उल्कांची रात्र पॉवर्स यांनी तरी कोठे पाहिली होती? ज्यांनी पाहिले, त्यांच्याकडून ऐका आणि मग सुई हाती घ्या.

२०/ आणि जुन्या गोधड्यांसाठी एक साधे काम. मागील बाजूस, कोपऱ्यात, पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी शिवावी. तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव, साल आणि कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा, हे दोऱ्याने भरावे; शाई धुण्यात जाते. शिवणारी हयात असेल, तर आधी तिच्याजवळ बसावे, तिला बोलू द्यावे आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत, हसू न करता, लिहून घ्यावेत. जे कळले नाही, त्या जागी ‘ठाऊक नाही’ असेच लिहावे.

२१/ २०२१ मध्ये बॉस्टन येथील प्रदर्शनात हॅरिएट पॉवर्स यांची दोन्ही पांघरुणे प्रथमच शेजारी-शेजारी मांडली गेली. त्यांच्या मृत्यूला तेव्हा १११ वर्षे झाली होती. पाच डॉलरला गेलेल्या त्या कापडासमोर लोक उभे राहिले आणि प्रत्येक चौकटीत काय आहे, हे त्यांना वाचता आले.

२२/ आमच्या गोधडीला गेल्या महिन्यात पट्टी लावली. आजीचे नाव, गाव, अंदाजे साल, हिरवा पदर आत्याच्या लग्नातला. मधल्या चौकोनापुढे आईने दोन शब्द भरले: खाकी, ठाऊक नाही. आपल्या घरात असा एखादा तुकडा असेल आणि त्याची गोष्ट सांगणारे माणूस अजून असेल, तर आजच विचारा. जे कळेल ते येथे खाली लिहिलेत, तर आनंद होईल. धागा समाप्त.