हक्कसोड

बँकेच्या कर्जविभागात असताना एक वाक्य मी कितीदा उच्चारलं असेल, देव जाणे : "बहिणींचं हक्कसोडपत्र आणा." वारस जितके कमी, तितकं आमचं काम सोपं. एकदा भावाबरोबर आलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "साहेब, सही नसती केली, तर माहेर राहिलं असतं का हो?" मी काही बोललो नाही. कागद फाइलला लावला.

कायदे झाले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती भिंत पाडली. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण कायदा पुढच्या दाराने देतो, ते हक्कसोडपत्र मागच्या दाराने काढून नेतं.

बहिणीने हक्क सोडूच नये, असं मी म्हणत नाही. पण नोंदणीच्या वेळी तिला एकटीला बसवून तिच्या वाट्याची बाजारभावाने होणारी किंमत वाचून दाखवावी, एवढा नियम सरकारने करावा. मग तिने खुशाल सोडावा.

माझ्या बहिणीनेही सही केली आहे. जमिनीचं मूल्यांकन हा माझा रोजचा धंदा. तरी तिला आकडा मी कधी सांगितला नाही. येत्या भाऊबिजेला, ओवाळणी घालण्याआधी, सांगणार आहे.