लेझीम कापली, छळ ठेवला

लक्ष्मण उतेकरांच्या ‘छावा’ चित्रपटाचा शेवट क्रूर आहे, ही माझी तक्रार नाही. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजीराजांना ज्या प्रकारे मारलं ते क्रूरच होतं. ते झाकायचं कारण नाही. तक्रार ही, की त्या शेवटाने राजांचं अख्खं आयुष्य गिळलं. शिवाजी सावंतांची याच नावाची १९७९ची भरगच्च कादंबरी हाताशी होती. तिच्यातलं थिएटरबाहेर आलेल्या माणसांच्या डोळ्यांत उरलं काय? साखळदंड आणि तापलेल्या सळया.

यात एकटा दिग्दर्शक दोषी नाही. जानेवारी २०२५मध्ये ट्रेलरमध्ये राजे लेझीम खेळताना दिसले आणि गहजब झाला. प्रसंग कापला गेला. आपल्या माणसांत हसणारा, नाचणारा राजा आम्हाला सोसवला नाही. डोळे फोडलेला राजा मात्र आम्ही पुन्हा पुन्हा तिकीट काढून पाहिला. ही भक्ती नव्हे, राजांच्या वेदनेची चटक आहे.

संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारे संभाजीराजे किती जणांना भेटले? १६८२मध्ये जंजिऱ्याला वेढा घालणारे, १६८३मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांना घाम फोडणारे? त्यांच्याच काळात नाशिकजवळचा लहानसा रामसेज वर्षानुवर्षं मोगलांना दाद देत नव्हता. राज्याचा कारभार येसूबाई सांभाळत होत्या. हा माणूस आधी मनात उभा राहिला असता, तर त्याचं मरण खरोखर काळजाला भिडलं असतं. तो उभाच राहिला नाही, म्हणून प्रेक्षक हाती फक्त संताप घेऊन बाहेर पडला.

तो संताप कुठे वळला, हे आम्हा छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावकरांना कुणी सांगायला नको. औरंगजेबाची कबर असलेल्या खुलताबादचा रस्ता आमच्या दारावरून जातो. मार्च २०२५मध्ये ‘कबर उखडा’च्या आरोळ्या उठल्या, तिथे बंदोबस्त लागला आणि १७ तारखेला नागपूर पेटलं. त्या आरोळ्या ठोकणाऱ्यांनी इतिहासाचं पुढचं पान उलटलंच नाही. राजाराम, संताजी, धनाजी, ताराबाई लढत राहिले आणि औरंगजेब १७०७मध्ये दिल्लीचं तोंड न पाहता अहमदनगरजवळ मेला. ती कबर त्याच्या पराभवाचा पुरावा आहे. तो नष्ट करून कुणाचा मान वाढणार?

आमच्या शहराला राजांचं नाव मिळालं. त्यांचा ग्रंथ वाचायचा नाही, त्यांच्या मोहिमा माहीत करून घ्यायच्या नाहीत आणि छळाचे व्हिडिओ तेवढे मोबाइलवर फिरवायचे, असं वागणाऱ्यांनी त्या नावावर हक्क सांगू नये.