हँडप्रेसला गोळे कशाला?

शिवकाळात तांब्याची शिवराई ठशावर हातोडा मारून पाडत. तेच काम हँडप्रेस करते. मधे जाड आट्यांचा स्क्रू, वर आडवा दांडा, त्याला जड गोळे. दांडा फिरवला, की गोळे वेग घेतात. पंच पत्र्यावर अडला, की तो सगळा जोर तिथंच उतरतो!

आमच्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावी कुणी जुनी प्रेस घरी बसवत असेल, तर जरूर बघा. आधी आट्यांतलं वाळलेलं ग्रीस काढून तेल द्यायचं. मग भक्कम स्टँडवर बोल्ट आवळायचे. नाहीतर झटक्यासरशी प्रेसच हलेल. शेवटी दांडा हळूहळू फिरवून पंच डायमध्ये नेमका बसतो ना, ते पाहायचं.

पण उभं राहायचं दांड्याच्या फेऱ्याबाहेर! अन् पत्रा सरकवायला चिमटा. बोटं पुन्हा उगवत नाहीत.