आजीच्या कष्टांचा हिशेब

आई-बाप गेलेल्या मुलाला मराठवाड्यात सहसा कोणी आश्रमात नेऊन सोडत नाही. आजी त्याला पोटाशी धरते. आजी नसेल तर मावशी, आत्या, क्वचित भावकीबाहेरची एखादी शेजारीण. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आणि 2020-21 च्या कोविडने अशी किती घरे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात निर्माण केली, हे खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला निराळे सांगावे लागत नाही. या घरांनी समाजाचा केवढा भार मुकाट्याने उचलला आहे, याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही.

शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. राज्याची बालसंगोपन योजना जुनी आहे. मूल संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढावे, हे तिचे सूत्र योग्य आहे. एकच पालक उरलेल्या मुलांनाही ती लागू आहे. मासिक अनुदान 425 रुपयांवरून 1100 झाले, 2023 मध्ये 2250 झाले आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. परंतु 2250 म्हणजे दिवसाचे 75 रुपये. एवढ्यात वाढत्या मुलाचे दूध, वह्या, औषध आणि एस. टी.चे भाडे बसवून दाखविण्याचे आव्हान मंत्रालयातील एखाद्या सचिवाने जरूर स्वीकारावे! केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये 2022 पासून 4000 रुपये दिले जातात. एकाच दुःखाला हे दोन भाव कशासाठी?

रकमेपेक्षाही तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अधिक बिकट आहे. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे खाते. मग गृहचौकशी आणि शेवटी बालकल्याण समितीचा आदेश. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील सोयगाव तालुक्यातून साठी ओलांडलेल्या बाईने जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालावयाचे, म्हणजे प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडाली. बरे, मंजुरी मिळाली तरी पैसे दरमहा हाती पडतीलच असे नाही. ते महिनोन्महिने थकतात, आणि तोवर वाण्याची उधारी हीच खरी संगोपन योजना ठरते.

ज्या सावित्रीबाईंचे नाव या योजनेस दिले आहे, त्यांनी व जोतीरावांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत याला आपलाच म्हणून वाढविले. तोच यशवंत डॉक्टर झाला व 1897 च्या प्लेगात आईच्या बरोबरीने रुग्णसेवेला उभा राहिला. त्या दांपत्याने मूल घरात घेताना शासनाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. म्हणूनच हा प्रश्न सर्वस्वी सरकारच्या गळ्यात टाकून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही.

गावोगाव सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बालसंरक्षण समिती असावी, असे शासनाचेच धोरण आहे. शिक्षक, अंगणवाडी सेविका तिच्यात असतात. अनेक गावी ही समिती कागदावरच नांदते. दाखले गोळा करण्याचे काम तिने आजीच्या डोक्यावरून उतरवून आपल्याकडे घेतले, तरी निम्मा त्रास संपेल. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कामगार संघटनांनी आठवड्यातील एक संध्याकाळ अर्ज भरून देण्यास द्यावी; वस्तीवस्तीतील महिला मंडळांनी एवढे पाहावे, की आजी तापाने फणफणली तर त्या चार दिवसांत मुलाला जेवू कोण घालणार, शाळेत कोण पाठविणार. मुलाची चौकशी सारेच करतात. त्याला सांभाळणारीची कोणी करीत नाही. मूल वाढविणे हे श्रम आहेत आणि ते बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात, म्हणूनच त्यांचे मोल इतके स्वस्तात केले जाते.

शासनाकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. अनुदान 4000 रुपये करावे आणि ते प्रत्येक महिन्याच्या दहा तारखेच्या आत खात्यात जमा व्हावे. बालकल्याण समितीने महिन्यातून एकदा कन्नड, वैजापूर, पैठण, सिल्लोड अशा तालुक्याच्या ठिकाणी बैठक घ्यावी. साठीतल्या बाईने समितीकडे येण्यापेक्षा समितीने तिच्या तालुक्याला जाणे सोपे आहे. समितीला प्रवासभत्ता तरी मिळतो.