शनिवारची रात्र कोणाच्या मालकीची?

नभोवाणीच्या वेळापत्रकातील बदल ही सरकारी दफ्तरातील किरकोळ नोंद समजली जाते. एक कार्यक्रम अर्धा तास पुढे गेला, दुसरा बंद झाला, तिसऱ्याच्या जागी दुसऱ्या केंद्राचे सहक्षेपण सुरू झाले, एवढेच तिचे स्वरूप. परंतु ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर या नोंदीचे वजन वाढते, आणि शनिवार-रविवारच्या बाबतीत ते सर्वाधिक असते. इतर दिवशी रेडिओ स्वयंपाकाच्या किंवा प्रवासाच्या सोबतीला वाजत असतो. आठवडाअखेरीस तो मुद्दाम लावला जातो. त्या दोन दिवसांचा क्रम कोण ठरवतो, तो कोणाला विचारून बदलतो आणि बदलल्यावर श्रोत्याने दाद कोठे मागावी, हे प्रश्न म्हणूनच सार्वजनिक हिताचे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी ग्वाल्हेरकडे पाहणे उपयोगी ठरेल.

गोव्याच्या वाचकाला ग्वाल्हेर परके नाही. सावंतवाडी संस्थानातून निघून रामकृष्णबुवा वझे यांनी ग्वाल्हेरची विद्या मिळवली आणि ती पुन्हा दक्षिणेकडे आणली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर व त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्यामुळे ही गायकी महाराष्ट्रभर रुजली. शिंदे घराण्याच्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी तिचे संगोपन केले. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये तेथे शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९१८ मध्ये भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीतनगरी’ म्हणून मान्यता दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तानसेन समारोहाने शंभरावा सोहळा साजरा केला. अशा नगरीत रेडिओच्या वेळापत्रकाचा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. संगीत ऐकण्याची सवय कशी टिकते, या प्रश्नाशी तो जोडला जातो.

ती सवय देशभर लावण्यात एका मराठी मंत्र्याचा मोठा वाटा होता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. १९५२ मध्येच आकाशवाणीने संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री साडेनऊ ही त्याची वेळ पुढे कित्येक दशके श्रोत्यांच्या अंगवळणी पडली. १९५४ पासून वार्षिक संगीत संमेलनाची भर पडली. ज्यांना मैफलीचे तिकीट परवडत नव्हते, किंवा ज्यांच्या गावात मैफलच होत नव्हती, त्यांना या एका ठरलेल्या वेळेने अव्वल दर्जाचे गाणे घरबसल्या दिले. ग्वाल्हेरची गायकी फोंड्यात आणि फोंड्याचा श्रोता ग्वाल्हेरच्या मैफलीत, असा हा व्यवहार होता.

मात्र याच केसकरांच्या कारकिर्दीत वेळापत्रकाच्या मालकीचा पहिला मोठा वादही झाला. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते, अशी त्यांची धारणा होती. १९५२ मध्ये आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली आणि चित्रपटसृष्टीशी झालेल्या तंट्यात ती जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी निवेदने दिली नाहीत की मोर्चे काढले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. तिचे निवेदक अमीन सयानी यांचे काही शिक्षण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील शिंदे विद्यालयात झाले होते. पहिल्या कार्यक्रमानंतर मूठभर पत्रांची अपेक्षा असताना नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. पुढे हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. एवढी पत्रे हाताळणे अशक्य झाले तेव्हा कार्यक्रमाचे स्वरूपच बदलले आणि गाण्यांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावण्याची प्रथा सुरू झाली. अखेर आकाशवाणीलाही नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’चा जन्म झाला.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. केसकरांचे शास्त्रीय संगीताचे धोरण दूरदृष्टीचे होते. त्याचे ऋण ग्वाल्हेर आणि गोवा दोघांवरही आहे. चूक झाली ती श्रोत्याला अजाण समजण्यात. श्रोत्याचे मत विचारले नाही तरी ते अस्तित्वात असते, आणि ते निघून जाण्याच्या मार्गाने व्यक्त होते. १९५२ मध्ये हे निघून जाणे मोजता आले, कारण पलीकडे पत्रांचे गठ्ठे साचत होते. आज रेडिओ सोडणारा श्रोता मोबाईलकडे वळतो. त्याची नोंद आकाशवाणीच्या कोणत्याही दप्तरात होत नाही.

निवेदकाचे महत्त्व येथे ध्यानात घ्यायला हवे. संस्थेला चेहरा नसतो. तिचा आवाज निवेदकाचा असतो. सयानींचे ‘बहनो और भाइयो’ असो, पुणे केंद्रावरून सुधा नरवणे यांच्या आवाजात येणाऱ्या बातम्या असोत, की आजच्या ‘विविध भारती’वरील यूनुस खान व ममता सिंह यांचे निवेदन असो, श्रोता त्या आवाजाशी नाते जोडतो आणि आपले म्हणणे त्याच्याकडेच पाठवतो. ‘विविध भारती’वरील ‘पत्रावली’ याच नात्यावर उभी राहिली. मराठी केंद्रांवर ‘आपली आवड’मध्ये गावासह वाचली जाणारी नावे हाही श्रोत्याच्या अस्तित्वाचा जाहीर दाखलाच होता. राष्ट्रीय निवेदकांबद्दल श्रोत्यांत मतभेद असतात. कोणाला गप्पा अधिक वाटतात, कोणाला गाण्याच्या आधी दिलेली माहिती हवीहवीशी वाटते, कोणाची तक्रार उच्चारांबद्दल असते. हे मतभेद निरोगी आहेत. ज्याच्याबद्दल कोणीच काही बोलत नाही, तो निवेदक खऱ्या अर्थाने ऐकलाच जात नसतो.

लहान केंद्रांवरील निवेदकांची स्थिती मात्र निराळी आहे. तेथील कामाचा मोठा भार नैमित्तिक निवेदक उचलतात आणि त्यांना महिन्याला साधारण सहाच दिवस काम देण्याची मर्यादा आहे. महिन्यातून सहा वेळा ऐकू येणाऱ्या आवाजाची ओळख श्रोत्याला कशी पटावी? त्यातच स्थानिक कार्यक्रमांऐवजी राज्याच्या राजधानीचे किंवा दिल्लीचे कार्यक्रम सहक्षेपित करण्याचा कल वाढला आहे. कोणतेही केंद्र बंद होणार नाही, असा खुलासा प्रसार भारतीने जानेवारी २०२१ मध्ये केला होता. परंतु केंद्राची इमारत उभी राहणे आणि केंद्राचा स्वतःचा आवाज टिकणे यांत अंतर आहे. ग्वाल्हेरचे केंद्र ग्वाल्हेरच्या कलावंताला किती तास देते, हाच खरा निकष होय. पणजीलाही तोच लागू पडतो.

प्रशासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. मध्यम लहरींची जुनी प्रक्षेपण यंत्रे विजेवर आणि देखभालीवर मोठा खर्च करवतात, तर त्यांचा श्रोता घटतो आहे. नागपूरजवळच्या प्रचंड शक्तीच्या प्रक्षेपकावरून १९८८ पासून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी २०१८ च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय झाला, त्यामागे काटकसरीचेच कारण होते. दुसरीकडे गुंतवणूकही होत आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण सुविधांसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एफएमची व्याप्ती लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ९१ नवे एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. २०१६ पासून ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फीमध्येच प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या व्यासपीठाचे उद्घाटन झाले. मग शनिवारच्या एका रात्रीचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील.

उत्तर असे, की चोवीस तास उपलब्ध असणे आणि ठरलेल्या वेळी भेटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरलेली वेळ अनोळखी माणसांना एकत्र बसवते. आज रात्री अमुक बुवांचे गाणे आहे, हे ठाऊक असलेले हजारो जण दुसऱ्या दिवशी त्यावर बोलू शकत होते, वाद घालू शकत होते, नापसंती कळवू शकत होते. भांडारात साठवलेले संगीत ज्याला आधीच आवड आहे तोच शोधतो. नवा श्रोता वेळापत्रकातून अवचित घडतो. ठरलेल्या वेळेचे मोल शासनालाही चांगले माहीत आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकरा वाजता ‘मन की बात’ असते, हे देशभर ठाऊक झाले ते त्या वेळेच्या सातत्यामुळेच. जे सातत्य एका कार्यक्रमाला लाभते, ते इतर कार्यक्रमांना का लाभू नये?

श्रोत्यांनी आवाज उठवला तर काही घडते का? घडते. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रातील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातमीपत्रावर घड्याळ लावणाऱ्या पुणेकरांनी, पत्रकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी विरोध केला. आदेशाला स्थगिती मिळाली. ब्रिटनमध्ये मार्च २०१० मध्ये बीबीसीने ‘सिक्स म्युझिक’ ही वाहिनी बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तो अंतिम निर्णयापूर्वी लोकांपुढे ठेवला गेला. श्रोत्यांच्या प्रतिसादानंतर संस्थेच्या विश्वस्त मंडळाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो नामंजूर केला. तेथे १९७९ पासून श्रोत्यांच्या तक्रारी अधिकाऱ्यांपुढे मांडणारा एक कार्यक्रमही रेडिओवरच चालतो. दोन उदाहरणांतील फरक बोलका आहे. पुण्यात श्रोत्यांना मंत्र्यांपर्यंत जावे लागले. तेथे विचारणा हा प्रक्रियेचाच भाग होता. पुण्यासारख्या मोठ्या शहराला राजकीय वजन असते. ग्वाल्हेर किंवा पणजीच्या श्रोत्याने ते कोठून आणावे?

वस्तुतः आपल्या कायद्याने हा विचार आधीच केला आहे. १९९० च्या प्रसार भारती अधिनियमात तक्रारी स्वीकारून त्यांचा विचार करण्यासाठी प्रसारण परिषदेची तरतूद आहे. आकाशवाणीकडे श्रोता संशोधनाची व्यवस्था आहे आणि केंद्रनिहाय कार्यक्रम सल्लागार समित्यांची परंपराही आहे. उणीव आहे ती या व्यवस्था श्रोत्याला दिसण्याची. त्यासाठी फार पैसा लागणार नाही. शनिवार-रविवारच्या क्रमात बदल करायचा असेल तर तो किमान एक महिना आधी त्याच वेळेत, त्याच निवेदकाच्या तोंडून, कारणासह जाहीर करावा. आलेली मते महिन्यातून एकदा प्रसारणात वाचावीत आणि जबाबदार अधिकाऱ्याने त्यांना उत्तर द्यावे. स्थानिक कलावंतांसाठी आठवडाअखेरीचे काही तास राखीव असावेत आणि ते सहक्षेपणासाठी परस्पर घेतले जाऊ नयेत. सल्लागार समितीची नावे व बैठकांचे निर्णय लोकांना पाहता यावेत.

गोव्याने हा आग्रह धरण्याला खास कारण आहे. पोर्तुगीज राजवटीत ‘एमिसोरा द गोवा’ राज्यकर्त्यांचे म्हणणे सांगत होती. त्याच काळात, १९५५ ते १९६१, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडून गुप्त केंद्र चालवून गोमंतकीयांना त्यांच्याच भाषांत खरी बातमी देत होते. लोकांनी कोणत्या आवाजावर विश्वास ठेवला, हे सांगायला नको. मुक्तीनंतर पणजी केंद्राने मराठी आणि कोकणी श्रोत्याशी, येथील भजनी मंडळांशी, नाट्यकलावंतांशी आणि गायकांशी जे नाते जोडले, ते त्या विश्वासाचेच पुढचे पाऊल होते.

हे नाते टिकवायचे तर श्रोत्यांनाही काही करावे लागेल. आवडलेल्या कार्यक्रमाबद्दल दोन ओळी कळवणे, बदललेल्या वेळेबद्दल लेखी विचारणा करणे, आपल्या केंद्राच्या सल्लागार समितीत कोण आहे याची चौकशी करणे, एवढे कष्ट फार नाहीत. पूर्वी पोस्टकार्डाने हे काम होत असे आणि दूरच्या सिलोनलाही त्याची दखल घ्यावी लागली होती. वेळापत्रक छापणे हे केंद्राचे काम आहे. त्यातील शनिवारची रात्र मात्र जो ती राखून ठेवतो, त्या श्रोत्याची असते.