बंदिवानाचा आवाज कोणाचा?

बर्लिनच्या दक्षिणेस झोसेनजवळ व्यून्सडॉर्फ नांवाचें गांव आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालापासून, तेथें ‘अर्धचंद्र छावणी’ अशा काव्यमय नांवाची युद्धकैद्यांची छावणी होती. इंग्रजांच्या बाजूनें लढतांना पकडलेले हिंदी शिपाई व फ्रेंच सैन्यांतील उत्तर आफ्रिकेचे मुसलमान शिपाई तींत कोंडलेले होते. याच छावणींत जर्मन पंडितांनीं कैद्यांच्या बोलींचें ध्वनिमुद्रण केलें. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. त्यांचा विषय निघाला कीं आमचे विद्वद्बंधु ‘भाषाशास्त्राचें अमोल धन’ म्हणून माना डोलावतात. या मान डोलावण्यासच आमचा आक्षेप आहे.

पहिलें समर्थन असें कीं, कैद्यांना तेथें सुखांत ठेविलें होतें. १९१५ च्या जुलैंत त्यांच्यासाठीं लांकडी मशीद उभारली, ज्याचा त्याला धर्म पाळूं दिला, हें खरें. पण हा पाहुणचार कशासाठीं? या शिपायांनीं उलटून इंग्रजांवर शस्त्र धरावें म्हणून! पारध्यानें जाळ्याखालीं टाकलेल्या दाण्यांस अन्नदान म्हणण्याची चाल आमच्या भाषेंत तरी नाहीं. त्या सुखाचा हिशेब ज्याला पाहावयाचा असेल त्यानें जवळच्या त्सेरेन्सडॉर्फच्या दफनभूमींत पाहावा. २०६ हिंदी शिपाई तेथें कायमचे राहिले आहेत.

दुसरें समर्थन असें कीं, कैद्यांनीं आपण होऊन आवाज दिला. विल्हेल्म डोगेन यांच्या चालकत्वाखालीं नेमलेलें ध्वनिमुद्रण मंडळ अनेक छावण्यांतून हिंडलें व त्यानें सुमारें २५० भाषा व बोली टिपल्या. कैद्याचें नांव-गांव लिहून घ्यावयाचें, मजकूर ठरवावयाचा, मग त्याला कर्ण्यापुढें उभें करावयाचें, अशी रीत होती. ब्रिटिश कैद्यांकडून बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट म्हणवून घेतली. घरीं परतलेल्या मुलाची गोष्ट, घरीं जाण्याची मुभा नसलेल्यांच्या तोंडून! ज्याला ‘नाहीं’ म्हणून कुंपणाबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं, त्याच्या ‘हो’ला संमति म्हणणें हा भाषेचाच अपराध आहे, आणि तो आम्हां भाषेच्या अध्यापकांकडून व्हावा, हें अधिक लाजिरवाणें.

तिसरें समर्थन असें कीं, शास्त्र निरुपद्रवी असतें. एगॉन फॉन आइकस्टेट यानें बंदिवान शिखांच्या शरीरांचीं मापें घेऊन त्यांवर प्रबंध रचला. हाच गृहस्थ पुढें हिटलरच्या राजवटींत वंशशास्त्राचा मोठा पंडित म्हणून मिरवला. माणसाला नमुना म्हणून पाहण्याची संवय एकदां जडली, म्हणजे ती कोठें थांबेल याचा नेम नसतो.

११ डिसेंबर १९१६ रोजीं मलसिंग नांवाचा पंजाबी शिपाई कर्ण्यापुढें उभा राहिला. त्यानें आपलीच कहाणी दुसऱ्या कोणाची असावी तशी सांगितली. हिंदुस्थानांत लोणी खाणारा एक माणूस होता. तो युद्धांत आला, जर्मनांच्या हातीं सांपडला. त्याला घरीं जावयाचें आहे. आणखी दोन वर्षें येथें राहिला तर तो मरेल. या सांगण्यास दीड मिनिटही लागलें नाहीं. पंडितांनीं त्यांत पंजाबीचे उच्चार तपासले. माणूस ‘मी मरेन’ म्हणत होता, आणि ऐकणारे स्वर मोजत होते!

तबकड्या फोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या राहिल्या म्हणूनच मलसिंगाचा शब्द आमच्यापर्यंत पोंचला, हें आम्हांस मान्य आहे. परंतु लुटीचा माल शाबूत राहिला म्हणून लूट दान ठरत नाहीं. आमचें मागणें एवढेंच कीं, त्या तबकड्या आधीं साक्ष म्हणून ऐकाव्या, मग नमुना म्हणून. तो काय म्हणाला हें प्रथम शिकवावें. कसें म्हणाला हें मागाहून. ज्या शास्त्राला हा क्रम जड वाटतो, त्याला बोलणाऱ्या माणसाशीं कांहीं कर्तव्य नाहीं, असेंच समजावें लागेल.